पानाखालचा हात

ग्रुपवरच्या सगळ्याईले सांगतो, परवा माह्या आईची तेरवी हाय. आज फोटो फ्रेम कराले निर्मल गावाले गेलो होतो.

दुकानदार म्हणे, "एखादा चांगला फोटो द्या."

मोबाइल चाळला. सगळी कपाशीची रोगट पानं! औषधाच्या दुकानात दाखवाले मी काढायचो. पान हलू नये म्हणून आई ते तळहातावर धरायची.

"माहा बी काढ ना एक," ती म्हणायची.

"मंग काढू. आता बाजूला सरक, तुही सावली पडून राह्यली."

शेवटी आधार कार्डावरचा फोटो दिला. त्यात ती माही आई वाटतच नाही.

आई हाय ती त्या पानांखाली. भेगा पडलेला हात, हिरव्या बांगड्या.

सांगा, हाताले हार घालता येते काय?