चुनी कशानं कमी झाली

कारखान्यांत नवीन काय घडतं, हे मोजायचं बबिता राठोडचं काम. पुण्याच्या एका संस्थेनं तिला नेमलं होतं. पांढरकवड्याच्या आसपासच्या कापसाच्या जिनिंग आणि डाळीच्या मिली तिच्याकडे होत्या. स्कूटी गेटाशी लावून ती छापील प्रश्न विचारायची, "गेल्या तीन वर्षांत कामाची काही नवी पद्धत आणली का?"

"नाई बा," मालक म्हणायचे, आणि चहा मागवायचे.

पहिली फेरी अशीच गेली. पुण्याहून साहेबांनी कळवलं, पुन्हा असंच आलं तर हा भाग पाहणीतून वगळू. काम जाईल ही काळजी होतीच. पण इथं कोणी डोकंच चालवत नाही असं कायमचं ठरेल, हे तिला जास्त लागलं. घरबसल्या दोन-चार 'हो' लिहिता आले असते. तो विचारही तिनं मनाला शिवू दिला नाही.

एका सकाळी तांड्यावर तिची आई सुखीबाई म्हशीपुढं घमेलं आपटत होती.

"भगवानरावच्या मिलीत चुनी भेटतच नाई आता."

"काहून, याडी? मिल बंद हाय?"

"बंद कायची! डाळीचे ट्रकच्या ट्रक भरून राह्यले."

चुनी म्हणजे तूर भरडताना निघणारे तुकडे, म्हशीचं खाद्य. तूर तेवढीच, मग तुकडे कमी कसे? बबितानं चहा तसाच ठेवला आणि मिल गाठली.

"काय व पोरी, पुन्हा आली?" भगवानराव म्हणाले. "सांगतलं ना तुले, नवीन काही नाई."

"नवीन नाई विचारत, काकाजी. चुनी कशानं कमी झाली, तेवढं सांगा."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. तिला ते थेट मशीनपाशी घेऊन गेले. वरून पडणारी तूर लोखंडी पत्र्यावर आपटून फुटायची. त्यांनी ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून आत टांगल्या होत्या. दाणा त्यांवरून अलगद घसरत होता. पहिली पट्टी जाड झाली, तूर तुंबली. दुसरी तुरीला लावलेल्या तेलानं फुगली. मग कुठं जमलं.

"हे नवीन नाई का?"

"हॅट! नवीन म्हंजे इंदूरहून आलेली मशीन. हे तं घरचं हाय."

स्वतः केलेला बदलही धरतात, ही फॉर्मवरची ओळ तिनं वाचून दाखवली.

"लिही मंग," ते म्हणाले. "पण हसतील तुले."

लिहिलेलं खरं आहे का, हे विचारायला पुण्याहून मालकाला फोन येतो. काही दिवसांनी तो आला तेव्हा बबिता सही घ्यायला मिलीतच होती. तिनं पढवलं असं कोणी म्हणू नये, म्हणून ती मुकाट्यानं बाहेर वाळत्या तुरीपाशी जाऊन उभी राहिली. मशीनच्या आवाजात भगवानराव ओरडून बोलत होते.

"नवीन? नाई बा, काही नाई!"

एका सवयीच्या शब्दानं सगळं बुडालं होतं. आत धावत जावं, खूण करावी, असं फार वाटलं. ती वळली नाही.

"थांबा, थांबा! घरचं चालते का तुमच्यात?... चालते? मंग ऐका!"

आणि भगवानरावांनी ट्यूब कुठून आणली तिथपासून सुरुवात केली. बबितानं डोळे पुसले. भाग आता वगळला जाणार नव्हता, तिचं कामही टिकणार होतं. आतून आवाज येतच होता.

"फोन ठेवू नका साहेब, दुसऱ्या पट्टीचं तं सांगायचं राह्यलंच!"