दाजींचे कवचवाले भाऊ

दाजींच्या धाकट्या भावाइतक्या अदबीने जंतूंविषयी बोलणारा माणूस सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत दुसरा नसेल. हे माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्काचे, दीर. कराडच्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यांची तीस वर्षं गेली आणि त्यातली निम्मी तरी जंतूंच्या कवचाचं कौतुक करण्यात. काही जंतू स्वतःभोवती साखरेचं बुळबुळीत आवरण करून घेतात, तेच हे कवच. असा जंतू काळ्या शाईच्या थेंबात ठेवला की सगळीकडे काळोख दिसतो आणि त्याच्याभोवती तेवढं स्वच्छ कडं उमटतं. रक्ताचा रिपोर्ट न्यायला आलेला माणूस हे कडं पाहिल्याशिवाय सहसा बाहेर पडत नसे. "लय देखणं," असं म्हणून ते त्याला स्टुलावर बसवत आणि समजावत, की कवच उतरवलं तर हाच जंतू गरीब गाय होतो, बहुधा कुणाचं काही वाकडं करू शकत नाही. एकदा आम्ही सगळे गुऱ्हाळावर गेलो होतो. बाकीचे गरम काकवी चाटत होते आणि हे मात्र काडीने तिची तार वर ओढत उभे. "प्रयोगशाळेत थाळीत वाढवलेला जंतू सुईनं उचलला की अशीच तार येते. जेवढी लांब, तेवढा खट." माझ्या बायकोने त्या दिवसापासून काकवी सोडली.

फौजेतून निवृत्त झालेले आमचे दाजी तासगावजवळ द्राक्षबाग करतात. एके दिवशी बांधावर ट्रॅक्टर उलटला, पोटाला मार बसला आणि फाटलेली प्लीहा सांगलीच्या डॉक्टरांना काढून टाकावी लागली. जीव वाचला, आता चिंता नाही, असं आम्हाला वाटलं. धाकटे भाऊ मात्र खाटेशेजारी उतरल्या चेहऱ्याने बसून होते.

"बरा हाय की मी आता," दाजी म्हणाले.

"दादा, तू तालमीत खेळलायस. तेल लावलेला गडी हाताला लागतो का?"

"न्हाई. अंगावर माती टाकाय लागती, तवा पकड बसती."

"कवचवाला जंतू तसाच. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला धरायला जातात आणि तो निसटतो. त्याच्यावर माती टाकायचं आणि त्याला रक्तातनं गाळून काढायचं काम प्लीहेचं. ती आता न्हाई. लस घेतली की थोडी माती आधीच तयार राहते, पण सगळ्या जंतूंवर लस न्हाई. ताप आला तर घरात पडून राहायचं न्हाई. तडक दवाखाना."

दाजींनी लसी घेतल्या. पण भावाचं समाधान होईना. 'मला प्लीहा नाही. ताप आल्यास ताबडतोब दवाखान्यात न्या,' अशी लाल अक्षरांची कार्डं त्यांनी लॅमिनेट करून आणली. एक दाजींच्या पाकिटात, एक ट्रॅक्टरवर, एक बेदाण्याच्या शेडच्या दारावर, एक थेट देवघरात. "देवापुढं कशाला?" आक्काने विचारलं. "दिवा लावताना रोज वाचशील, वहिनी." ट्रॅक्टरवरचं कार्ड दाजींनी फाडलं. पुढच्या रविवारी तिथे नवीन लागलं. "मी काय काचेचा हाय का? गावात हसं केलंस माझं," दाजी म्हणाले आणि महिनाभर भावाशी बोलले नाहीत.

पुढच्या हंगामात आक्का लेकीकडे पुण्याला गेली असताना, एका सकाळी शेडमध्ये दाजींना हुडहुडी भरली. तापाची गोळी घेऊन ते तिथेच पोत्यावर आडवे झाले. बेदाणा बघायला आलेला सांगलीचा एक व्यापारी दारात थबकला, कार्ड वाचलं आणि म्हणाला, "आवं, हे तुमीच का?"

"व्हय, पण जरा पडलो की बरं वाटंल."

व्यापाऱ्याने ऐकलं नाही. त्याने दाजींना आपल्या गाडीत घातलं. सांगलीला पोचेपर्यंत दाजींची शुद्ध हरपत चालली होती. डॉक्टरांनी पाकिटातलं कार्ड पाहिलं आणि तपासण्यांची वाट न पाहता औषध शिरेतून सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी दाजींच्या रक्तात वाढलेला जंतू प्रयोगशाळेत पाहायला भाऊ गेले, सोबत मी होतो. तिथली तरुण मुलगी म्हणाली, "सर, कडं किती स्पष्ट आलंय बघा." त्यांनी पाहिलं, मान हलवली आणि बाहेर येऊन बाकावर बसले. म्हणाले, "तीस वर्षं लोकांना बोलावून बोलावून दाखवलं मी हे."

दाजी वाचले. त्या तापात रक्त न पोचून डाव्या पायाची दोन बोटं मात्र गेली.

आता भाऊ निवृत्त आहेत आणि बरेचदा तासगावलाच असतात. कवचाचा विषय ते काढत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. परवा ओसरीवर बसलो असताना मीच विचारलं, "रागावलाय का हो त्या जंतूंवर?"

"राग कसला? त्याला कुठं ठाऊक असतंय, हा कुणाचा दादा हाय ते. त्यो आपला जीव झाकतोय."

समोर वेलींमधून दाजी थोडे लंगडत चालले होते. भावाने हाक मारली, "दादा, ऊन चढलंय. ये आत." दाजींनी हात हलवला आणि पुढच्या ओळीत वळले. भाऊ उठले, पायात चपला अडकवल्या आणि त्यांच्या मागे गेले.