तोंडी परीक्षेची दहा उत्तरं

बारावीच्या पोरांची इंग्रजीची तोंडी परीक्षा मी कैक वर्षं घेतेय. आमची रीत सरळ आहे. आदल्या दिवशी दहा प्रश्न उत्तरांसकट फळ्यावर लिहून द्यायचे, पोरांनी ते घोकायचे, दुसऱ्या दिवशी मी तेच विचारायचे. सगळे पास. पोरांना बोलता येतं का, ही चौकशी कुणी करत नाही.

मग धाराशिवच्या एका शाळेला इंग्रजी बोलायला शिकवणारी बाई हवी होती. जागा एकच, पण कायमची. तासांवर राबून मी विटले होते, लगेच अर्ज भरला. धाकट्या जावेनंही भरला! तिचं माहेर कानडी मुलखातलं. मराठी ती लग्नानंतर शिकली, चुकत आणि आमचं हसू सोसत. नुसती बी.ए. मी एम.ए., बी.एड. खरं सांगते, मला हसूच आलं.

आमच्या अणदूरहून दोघी एकाच जीपनं गेलो. परीक्षक बाईंनी मला आधी बोलावलं. मी पाठ केलेली ओळख सुरू केली, तर म्हणाल्या, ते राहू द्या, आज सकाळी घरी काय काय झालं ते सांगा. मी मनात वाक्य जुळवत बसले. तोवर त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलंसुद्धा.

मग जाऊ आत गेली. दार उघडंच होतं. तीच सकाळ तिनं इंग्रजीत धडाधड सांगितली. गॅस संपला, चहा चुलीवर केला, अक्का, म्हणजे मी, मात्र पहाटेपासून साडीलाच इस्त्री करतायत. चुका ढीगभर, पण बाई खळखळून हसत होत्या, आणि तेही माझ्या इस्त्रीवर. माझा नुसता जळफळाट झाला. इंग्रजी कुठं शिकलात, असं बाईंनी विचारलं. ती म्हणाली, अक्का ओसरीवर शिकवणी घेतात, मी आत भाकरी थापत त्यांच्यामागं म्हणत असते.

परतताना खिडकीची जागा तिनं मला दिली.

"अक्का, तुमालाच घेत्याल बघा."

"व्हय," मी म्हणाले.

पत्र तिला आलं. तिनं पहिला पेढा मला दिला. मी खाल्ला, पण तो गोड लागला नाही.

ओसरीवरची सकाळची शिकवणी अजून चालते, तीच दहा उत्तरं. जाऊ तोवर पहिल्या जीपनं शाळेला गेलेली असते. तरी सुरू करण्याआधी मी उठते आणि आतल्या दाराला कडी लावते.