भाच्याला माईच्या तावडीतून सोडवायला गेलो

बसा, चहा घ्या, पण मला त्या सयामच्या प्रवासाबद्दल विचारू नका. नुसतं नाव काढलं तरी गुडघे दुखायला लागतात. विचारताच आहात? बरं. मग सगळं ऐका आणि मध्ये हसू नका. हसायचं काम धुळ्यानं आधीच करून टाकलंय.

माझी थोरली बहीण अक्का. धुळ्याच्या देवपुरात आमची घरं शेजारी-शेजारी. तिचा एकुलता एक रघुनाथ सयाममध्ये एका सागवानाच्या कंपनीत कारकून. गेला तो तिकडचाच झाला. लग्नाचं वय उलटत चाललं, तरी घरी फिरकेना. अशात तिकडे कापडाचा धंदा करणारे एक गुजराती शेठ धुळ्यात आले. अक्कानं त्यांना गाठलंच.

"शेठ, मना पोऱ्या कसा शे?"

"एकदम मजेत! चियांग माईमध्ये रमलाय. अहो, चियांग माई आहेच तशी. एकदा तिथे गेलेला माणूस परत यायचं नाव घेत नाही."

झालं! अक्का मटकन खाली बसली.

"भाऊ, ही माई कोण शे रे?"

आता मला काय ठाऊक? पण घरात शिकलेला मी एकटा. गप्प कसा बसणार? मी चष्मा पुसत म्हणालो, "चियांग हे नाव असावं. माई म्हणतात म्हणजे वयानं मोठी दिसते."

अक्कानं डोळ्याला पदर लावला. "बठ्ठा गाव हसी! तू जाय अन् मना पोऱ्याले घरी ली ये!"

मी? पांझरेचा पूल ओलांडून बाजारात जायचं तर मला टांगा लागतो! पण अक्कानं जेवण सोडलं आणि मी निघालो.

कलकत्त्याहून रंगूनची बोट. काय खाल्लं ते आठवत नाही, कारण पोटात काही राहिलंच नाही. रंगूनच्या धर्मशाळेत मुनीमजींना हळूच विचारलं, "चियांग माई माहीत आहे का?"

मुनीमजींचे डोळे चमकले. "अरे वा! देखने लायक! लेकिन थंडी है!"

थंडी? म्हणजे दगडाच्या काळजाची बाई! रघुनाथा, कुणाच्या हाती सापडलास रे बाबा!

पुन्हा बोट, पुन्हा उलट्या. पेनांगहून बँकॉकपर्यंत गाडीच्या लाकडी बाकावर हाडं खुळखुळली. बँकॉकला स्टेशनच्या खिडकीशी मी थकून एवढंच म्हणालो, "चियांग माई." बाबूनं एक अक्षर न बोलता तिकीट फाडून दिलं!

विचार करा! बाईचा केवढा दरारा! आगगाडी सरळ तिच्या दारात जाते!

तुमच्या लक्षात आलंय ना? येणारच. तुम्ही इथे पाटावर बसून चहा पिताय. मी कित्येक दिवस झोपलो नव्हतो.

शेठच्या बँकॉकच्या दुकानातून रघुनाथला तार गेली होती. उतरलो, तर तो फलाटावर हजर. शेजारी एक म्हातारी, डोक्यावर कागदी छत्री, तोंडात विड्याचा तोबरा. मी मनात म्हटलं, हीच ती!

वाकून नमस्कार करणाऱ्या भाच्याला बाजूला सारलं आणि सुटलो. "माई, लाज नाही वाटत? त्याची आई तिकडे उपाशी बसलीय! सोड माझ्या भाच्याला!"

म्हातारी घाबरून दोन्ही हात जोडत म्हणाली, "माई खाओ चाय! माई खाओ चाय!"

"बघ रघुनाथा, स्वतःच्या तोंडानं कबूल करतेय! आणि वर चहा पाजतेय? तुझा चहा मला विषासारखा!"

आख्खा फलाट गोळा झाला. रघुनाथ लाल होऊन माझ्या कानाशी आला.

"मामा, या माझ्या घरमालकीणबाई आहेत. मूळच्या बँकॉकच्या. त्यांच्या भाषेत 'मला कळत नाही' एवढंच म्हणताहेत."

"मग माई कुठेय?"

त्यानं हात गोल फिरवला. फलाट, छपरं, मागचे निळे डोंगर. "ही सगळी. मामा, चियांग माई हे गावाचं नाव आहे."

मी ट्रंकेवर बसलो. खरं सांगू? लाजेपेक्षा थकवाच मोठा होता. एका गावाला रागवायला मी दोन समुद्र ओलांडून आलो होतो!

रघुनाथला काही झालं नव्हतं. डोंगर, हत्ती, गार हवा यांत पोरगा हरवला होता, एवढंच. रजा काढून माझ्याबरोबर घरी यायला लगेच तयार झाला. पण म्हणाला, "आधी तुम्हाला इथला डोंगर तरी दाखवतो."

दाखवला! वर सोन्याचं देऊळ आणि तिथे जायला पायऱ्या, दोन्ही बाजूंना दगडी नाग. त्यांची शेपटी कुठे संपते ते वर पोचल्याशिवाय कळत नाही. उतरताना धबधबा बघायला आडवाटेनं नेलं. पाणी सुंदर होतं म्हणतात. मी शेवाळावरून घसरून त्यातच बसलो होतो, त्यामुळे दिसलं कमी आणि लागलं जास्त. दुसऱ्या दिवशी दोन्ही पाय केळीच्या खोडासारखे सुजले.

नेमके तेच शेठ तिथे आले होते आणि पुढे धुळ्याला चालले होते. त्यांना म्हटलं, "घरी सांगा, रघुनाथ येतोय. पण सध्या माझा इथून पाय निघत नाही."

शेठ प्रामाणिक. अक्षरही न बदलता त्यांनी निरोप पोचवला. माझ्या बायकोला.

सूज उतरल्यावर आम्ही घरी आलो. अक्कानं रघुनाथला पोटाशी धरलं, रडली, हसली. सारी आळी दारात. माझी बायको मात्र उंबऱ्यावर कमरेला पदर खोचून उभी. मला काही विचारलंच नाही. सरळ भाच्याकडे वळली.

"रघुनाथ, तू खरं सांग. ती माई दिसाले कशी शे?"

तो भोळा. "मामी, काय सांगू! फार सुंदर!"

"अन् वय?"

"वय? असेल सहाशे वर्षांच्या वर."

बायकोनं माझ्याकडे टकलापासून लंगडणाऱ्या पायांपर्यंत सावकाश पाहिलं आणि आत जाता जाता म्हणाली,

"मंग बराबर शे. तुम्हले दुसरी कोन इचारी!"