चिंधी बांधलेली काकडी

मी एकदा घरातली बियाण्याची काकडी वरवंट्याने ठेचून तिची कोशिंबीर केली. तेव्हा मी अडतीस वर्षांची घोडी होते, त्यामुळे लहानपणाच्या नावावर खपवायचीही सोय नाही.

सासरे गेले आणि नवऱ्याने गोंदियातलं राइस मिलचं काम सोडून कोहमाऱ्याजवळच्या गावी शेती धरली, तेव्हाची गोष्ट. मी शहरात वाढलेली, बाजारात एकटी हिंडणारी. गावच्या घराचं मागचं दार वाडीत उघडे आणि वाडीला काट्यांचं कुंपण. पुढच्या दारात सासूबाईंची बाज. सकाळी तांदूळ निवडायला बसत, त्या दिवेलागणीपर्यंत तिथेच. मी उंबऱ्याकडे वळले रे वळले, की आवाज येई, "कायले चालली?"

सुनेने सडकेवर जायचं नाही, हा घरचा नियम. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ट्रक दिसत, काही नागपूरकडे जाणारे, काही रायपूरकडे. सात महिने मी त्यांचा हेवा करत भाकऱ्या थापल्या. ट्रकच्या टायरचाही हेवा करणारी बाई तुम्ही पाहिली नसेल.

एकदा नवऱ्याने समोसे आणले. पुड्याच्या कागदावर 'आशियाई पद्धतीची काकडीची कोशिंबीर' अशी कृती होती आणि शेजारी एका हसऱ्या बाईचा फोटो. बाईच्या मागे समुद्र. मला खरं तर समुद्र हवा होता, पण कोशिंबीर निदान करण्यासारखी होती. आपलं गोंदियाही आशियातच येतं, हे तेव्हा या डोक्यात शिरलं नाही. मी नवऱ्याकडून सोया सॉसची बाटली आणि सिरका मागवला. सासूबाईंनी बाटली हुंगली आणि नेऊन फिनेलच्या शेजारी ठेवली.

कोवळ्या काकड्या संपत आल्या होत्या. वेलावर एकच उरली होती, हातभर लांब, तांबूस पिवळी, देठाला लाल चिंधी बांधलेली. चिंधी कशाची, हे गावातल्या शेंबड्या पोरीनेही सांगितलं असतं. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून असेल. तोडली.

कागद म्हणत होता, काकडी ठेचा. मी वरवंटा उचलला आणि असा हाणला की भिंतीवरची पाल पळाली. या घरात आल्यापासून एवढा आवाज मी पहिल्यांदाच केला होता. मग आणखी घाव हाणले, गरज नसताना.

"काय फोडून राहिली वं?" बाजेवरून विचारणा.

"काकडी, आत्याबाई!"

कागद म्हणत होता, बिया काढून टाका. बिया टपोऱ्या, टणक. त्या मी गाईच्या घमेल्यात टाकल्या. मीठ लावून पाणी पिळलं, लसूण, तिखट, सिरका, सोया सॉस. तिळाचं तेल नव्हतं, जवसाचं घातलं. झाला आशिया.

जेवताना सासूबाईंनी दोनदा घेतली. "आंबट हाय, पन बरी हाय. कोनती काकडी होय?"

"वेलावरची."

त्यांचा हात ताटातच थांबला. त्या उठल्या, मागच्या दाराने वाडीत गेल्या आणि लाल चिंधी घेऊन परत आल्या.

"बिया?"

मी गोठ्याकडे बोट दाखवलं. गाय रवंथ करत आमच्याकडेच बघत होती.

सासूबाई बाजेवर जाऊन बसल्या. चिंधी बोटाला गुंडाळत, सोडत, एकेक सांगू लागल्या. ते बी त्यांच्या माहेरचं, कामठ्याचं. लग्नानंतर पदराच्या गाठीत बांधून आणलेलं. दरवर्षी पेरायचं, एक काकडी पिकू द्यायची, तिचं बी पुढच्या सालाला ठेवायचं. अकरा वर्षांपूर्वी सासऱ्यांचं आणि सासूबाईंच्या भावाचं एका लग्नात मानपानावरून वाजलं, तेव्हापासून या घरातून कामठ्याला कोणी गेलं नव्हतं. माहेरची एवढीच वस्तू त्यांच्याकडे उरली होती. ती मी लसूण घालून त्यांनाच वाढली होती.

आता आपलं मागचं दारही बंद, असं धरून मी मान खाली घालून उभी राहिले. तेव्हा दिसलं, त्यांच्या बाजेचं तोंड सडकेकडे होतं. सात महिने मी समजत होते, त्या माझ्यावर पहारा द्यायला बसतात.

एक ट्रक दिसेनासा होईपर्यंत त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग आत माझ्या नवऱ्याची चाहूल घेतली आणि हळूच म्हणाल्या,

"पोराले गाईचं सांगू नको. घरात बी उरलंच नाही, कामठ्याले जाऊन आनाच लागते, असं सांग. तू एकटी काऊन जाशील? मले भी संग घेऊन चल. अकरा सालापासून बहानाच शोधून राहिली होती मी."