डब्यावरचा सेगेरसेनी

आत्माबित्मा म्हणणाऱ्या लोकांचा मला मनापासून तिटकारा आहे. उधन्याच्या मराठी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवलाय… पुरावा नसेल तर तोंड उघडू नये, एवढंच मला कळतं. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय.

माझा थोरला भाऊ सुकलालअण्णा डिंडोलीत राहायचा. जन्मभर लूमवर राबला, मागच्या वर्षी गेला. वर्षश्राद्धाला नातेवाइकांना स्टीलचे डबे वाटायचं ठरलं. वहिनी म्हणाली, "भाऊजी, डब्यांवर त्यासनं नाव टाका बरं. एक धड फोटोबी नाही त्यासना."

मी हसलो. नाव घालून अण्णा काय अमर होणार? उद्या लोक त्यात तूरडाळ भरतील! भांड्यांच्या दुकानात सांगून टाकलं — नावबिव काही नको. कारागीर आला नव्हता, असं वहिनीला सांगणार होतो.

संध्याकाळी डबे आणायला गेलो, तर प्रत्येक झाकणावर एक लांबट कडं आणि आत कसलीशी चित्रं! नावं कोरणारे साठीचे गुजराती काका मशीन बंद करून झाकणांकडेच बघत होते.

"साहेब, मने खबर नथी… हाथ चाली गयो."

"हात आपोआप चालला म्हणे! पिऊन बसला होतात का?"

घरी येऊन मोबाइलवर त्या चित्रांचा फोटो टाकून शोधलं. म्हटलं, या माणसाचा मूर्खपणा चव्हाट्यावर आणू. ते निघालं चित्रलिपीतलं नाव — सेगेरसेनी! इजिप्तच्या दक्षिणेला नुबियातल्या खडकांवर कोरलेला एक राजा. थडगं सापडलेलं नाही, काळ नक्की नाही… खडकांवर नाव आहे, तेवढंच काय ते. मी इतिहासाचा मास्तर, आणि हे नाव पहिल्यांदाच वाचत होतो. काकांकडे तर साधा बटणांचा फोन.

वहिनीला थाप मारायची हिंमतच झाली नाही. सगळं सांगून टाकलं. ती रडली नाही, ओरडली नाही. झाकणावरून बोट फिरवत म्हणाली, "याचं कोणीच नाही, तरी नाव राहिलं. त्यासना तर सख्खा भाऊ होता."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी काकांची माफी मागितली आणि समोर बसून प्रत्येक डब्यावर कोरून घेतलं — कै. सुकलाल यांच्या स्मरणार्थ.

हे कसं घडलं, मला आजही माहीत नाही. आत्म्याच्या गोष्टी घेऊन कुणी कमेंटमध्ये येऊ नये, चांगलंच सुनावीन.

डबे सगळ्या नातेवाइकांना वाटले. मला मात्र वहिनीनं दिला नाही. मीही मागितला नाही.