अर्ध्या भाड्याचे पैलवान

ऑफिसात फायली साचतात तसे किस्सेही साचतात. फायली निदान रद्दीत तरी जातात. किस्से कोणी नेत नाही, उलट दर वर्षी फुगत जातात. सत्तरच्या दशकातल्या आमच्या सोलापूरच्या ऑफिसातले निम्मे किस्से हेडक्लार्क नानांचे, आणि नानांचे बहुतेक किस्से इरण्णा मालकांच्या टॅक्सीचे.

इरण्णा मालकांच्या अँबॅसिडर गाड्या भाड्याने मिळत. माणूस कुस्तीचा वेडा. गल्लीतली तालीम तेच चालवायचे आणि तालमीच्या मेंबरला गाडी अर्ध्या भाड्यात द्यायचे. पण कार्डबिर्ड काही नाही. "कार्ड कुनीबी छापतंय. अंग छापता येतंय व्हय?" असं त्यांचं म्हणणं. गाडी घेताना मेंबरने त्यांच्यासमोर दहा जोर काढायचे, मगच सवलत! नानांना तीन मुली आणि एक पगार. अंगावर मांस औषधालाही नव्हतं, पण ते मेंबर झाले. त्यांच्या पाठोपाठ मीही झालो.

*

पहिल्या दिवशी नाना तालमीत छत्री आणि पेपर घेऊन गेले. भिंतीला टेकून बसले आणि वाचायला लागले. वस्तादांनी बराच वेळ वाट पाहिली. शेवटी जवळ येऊन म्हणाले, "सायेब, हितं निस्तं बसून भागत न्हाय. बसून परत उटायचं असतंय की."

नाना म्हणाले, "आमच्या ऑफिसात नुसतं बसलं तरी हजेरी लागते."

*

पहिली ट्रिप करमाळ्याची, कमलाभवानीच्या दर्शनाची. आठव्या जोराला नाना खाली गेले ते वर आलेच नाहीत. देवीचं काम म्हणून मालकांनी आठावर भागवून घेतलं आणि नानांना उचलून मागच्या सीटवर ठेवलं.

देवळात त्यांनी जेमतेम दंडवत घातला आणि तसेच पडून राहिले. कंबरच धरली होती! लोकांना वाटलं, काय ही भक्ती. बायका त्यांच्या पाया पडायला लागल्या. कोणी उशाशी नारळ ठेवला. नाना वहिनींना विनवत होते, "अगं, उठव आता मला." लोकांना वाटलं, देवीशीच बोलतायत. एका म्हातारीला रडू आवरेना.

*

मग ऑफिसात सराव सुरू झाला. जेवणाच्या सुट्टीत टेबलं सरकवायची आणि फरशीवर जोर काढायचे. एके दिवशी पुण्याचे साहेब न सांगता तपासणीला आले. बघतात तो सगळा स्टाफ पालथा.

साहेबांनी विचारलं, हे काय चाललंय? नाना खालूनच म्हणाले, "टाचणी पडलीय, सर."

सरकारी टाचणी! साहेबही खाली वाकले आणि बराच वेळ आमच्याबरोबर शोधत राहिले.

*

अधिक महिन्यात नानांना बार्शीला सासुरवाडीचं बोलावणं आलं. त्यांची कंबर पुन्हा धरलेली, म्हणून त्यांच्या बदली मी जोर काढले. मालक कायद्याचे पक्के. "जोर ह्यांनी काडला, गाडी ह्यांची. नाना, तुमी यष्टीनं जावा."

मी वहिनी आणि मुलींना घेऊन गाडीने पोहोचलो. नानांच्या सासूबाईंना दिसायचं बेताचं. त्यांनी मला पाटावर बसवलं, ओवाळलं आणि जावयाच्या वाणाचे अनारसे माझ्या ओंजळीत दिले. नाना एसटीने धुळीत माखून पोहोचले, तेव्हा माझा शेवटचा अनारसा चालू होता. पुढे बरेच दिवस ते मला 'जावईबापू' म्हणत.

*

नानांच्या थोरल्या सुधाचं लग्न ठरता ठरत नव्हतं. दोनदा मोडलं होतं. तिसऱ्यांदा जमलं ते सोलापुरातल्याच मोठ्या इतमामाच्या घरी. लग्न अक्कलकोटला. व्याह्यांनी बजावलं होतं, "नवरी यष्टीतून उतरलेली आम्हाला चालणार नाही. आमच्याकडे काटकसरीची सवय नाही." नानांनी महिनाभर सराव करून दहा जोर जमवले. धास्ती एकच: जोर काढताना व्याह्यांनी पाहिलं, तर हेही लग्न मोडायचं.

म्हणून लग्नाच्या दिवशी उजाडताच आम्ही मालकांच्या मागच्या आवारात शिरलो आणि सुधाला आमच्या गाडीत बसवलं. तिथे दुसऱ्या अँबॅसिडरच्या दाराला भारी कोट टांगलेला. खाली बनियनवर खुद्द व्याही पालथे, आणि मुंडावळ्या बांधलेला नवरदेव मोजतोय, "सहा... सात..."

व्याह्यांनी मान वर केली. नानांनी त्यांना पाहिलं. गाडीतून सुधाने माझी बाही धरली. "काका, आता मोडतं का हो लग्न?"

नानांनी टोपी काढून माझ्या हातात दिली, व्याह्यांशेजारी हात टेकले आणि सुरुवात केली. मालकांच्या डोळ्यांदेखत दोघांचे दहा-दहा झाले. मग एकमेकांकडे न बघता दोघे आपापल्या गाडीत बसले.

अक्कलकोटला मांडवाच्या दारात गुरुजींनी पुकारलं, "व्याहीभेट! मिठी मारा."

दोघे पुढे आले. पण एकाचाही हात वर होईना. नाना घामाने भिजलेले. शेवटी व्याही आणखी एक पाऊल पुढे सरकले आणि त्यांनी नानांच्या खांद्यावर कपाळ टेकलं. नानांनीही त्यांच्या खांद्यावर टेकलं. चारही हात मात्र दुसऱ्याच कोणाचे असावेत तसे लोंबत होते.

पहिल्या रांगेत फेटा बांधून बसलेले इरण्णा मालक उठून उभे राहिले.

"सुटली! कुस्ती बरोबरीत सुटली!"